आल्डोची जिरवण्यासाठी जोडलेला कॉम्प्युटर

९ जानेवारी, शुक्रवार
आल्डो माझ्यासाठी मेला.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मन विरघळलं तर वाचता येईल. आज क्लबात सोडत होती, बक्षीस मांसाने भरलेला ट्रे. सगळं गाव जमलेलं. आणि हा बाबा सगळ्यांदेखत म्हणाला की घरी कॉम्प्युटर जोडायचे दिवस गेले. मेमरीचे भाव बघा कुठे गेलेत. वेळ जातो, डोकं पिकतं, वर पैसेही वाचत नाहीत. मी तर बुवा दुकानातला तयार आणला.

तयार! तीस वर्षं आम्ही दोघं खांबांवर उभ्या असलेल्या माझ्या घराखाली, गाडीशेजारी बसून कॉम्प्युटर जोडतोय. साखर कारखान्यात मी काट्यावर आणि तो इलेक्ट्रिशियन होता तेव्हापासून. अर्ध्या इंगम गावात आम्ही जोडलेले डबे चालतात. आणि आता तयार!

हे बोलताना त्याची बिअर टेबलभर सांडली. मनात पाप असलं की असंच होतं.

सूड घेणार.

१० जानेवारी, सकाळी
योजना पक्की. त्याच्यापेक्षा वेगवान आणि त्याच्यापेक्षा स्वस्त कॉम्प्युटर एकट्याने जोडणार. आल्डोशी एक अक्षर बोलणार नाही. बिअर कमी. रोज चालायला जाणार (याचा सुडाशी संबंध नाही, पण निश्चय करतोच आहोत तर).

नोएलीनला सांगितलं. तिने विचारलं, पण जोडणार कोण? बायको म्हणून चाळीस वर्षं काढली आणि हा प्रश्न! आमच्या प्रत्येक कॉम्प्युटरमागे डोकं माझं होतं. आल्डो फक्त स्क्रू फिरवायचा. आणि वायरी लावायचा. आणि प्रोसेसर, पंखा, त्यांच्यामधलं ते मलम, आणि शेवटी सगळं सुरू करून द्यायचा. टॉर्च मी धरायचो. उजेड चुकला की सगळंच चुकतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

आज पाऊस. चालायला गेलो नाही.

१२ जानेवारी
आल्डोकडे गेलो. बोलायला नव्हे, बोलणार नाही एवढं सांगायला. तिथे बसल्यावर पैज सुचली. ७ फेब्रुवारीला क्लबाचा मेळावा आहे. त्याचा तयार आणि माझा घरचा, दोन्ही शेजारी ठेवून सगळ्यांसमोर चालू करायचे. हरेल त्याने दिवसभर गुलाबी एप्रन घालून, हातात चिमटा घेऊन, गावाला सॉसेज भाजून घालायचे.

चिमट्याचं ऐकून आल्डोने आपल्या हातांकडे पाहिलं. मग हसून म्हणाला, चालेल, भाजू की. त्याची बायको मारिसा मात्र आतून ओरडली, लिंडसे, तुला काही लाजलज्जा? आणि भांडं आपटलं. घाबरलेत दोघंही.

कॉफी मारिसाने आणली. मला साधा कप, त्याला नातीचा झाकणाचा. त्यावर बदकं आहेत. म्हातारपणी माणूस किती लाडावतो!

१५ जानेवारी
मेमरीचा भाव पाहिला. थोडा वेळ पंख्याखाली जाऊन बसलो.

जुन्या डब्यातली काढून वापरू म्हटलं तर ती नव्यात बसतच नाही. शेवटी ठरवली होती त्याच्या निम्मी घेतली. नोएलीनने बेरीज पाहिली आणि म्हणाली, एवढ्यात तर आल्डोसारखा तयार येतो आणि वर चार पैसे उरतात. तिला समजावलं की हा पैशाचा प्रश्नच नाही. 'स्वस्त' हा शब्द योजनेतून काढला आहे. 'वेगवान' आहे.

जोडणीचे व्हिडिओ पाहतोय. एक बाई लांब रंगवलेल्या नखांनी गप्पा मारत मारत पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर जोडते. म्हणजे कुणालाही जमेल. तयार आणणारे नुसते आळशी.

२१ जानेवारी
रस्त्यावर पाणी होतं म्हणून पार्सल चार दिवस अडकलं. आज आलं. लगेच घराखाली बसलो, अर्थात बनियनवर; जानेवारी म्हणजे इथे भर उन्हाळा. घाम टपटप मदरबोर्डवर. पुसला.

प्रोसेसर बसवताना कर्र असा आवाज झाला. व्हिडिओतली बाई म्हणते, होतो. पण तिचा इतका होत नाही.

टॉर्च धरायला नोएलीनला बोलावलं. तिने तो माझ्या डोळ्यांवर धरला. आणखी जोरात बोलशील तर वर जाईन म्हणाली, आणि गेली. टॉर्च दातांत धरून काम केलं. कवळी सुटली. आज एवढंच.

२५ जानेवारी, दुपारी
जोडून झाला! तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देते.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा.

२६ जानेवारी
पडदा काळा. मदरबोर्ड बोगस आहे. कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं.

२७ जानेवारी
पडद्याची वायर चुकीच्या भोकात होती. पत्र गेलं नव्हतं हे बरं.

चालू आहे! चालू! घराखाली एकटाच नाचलो. कुत्रं निघून गेलं.

डब्याची एक बाजू मुद्दाम उघडी ठेवली आहे. हवा खेळते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आतले दिवे दिसतात. नोएलीन म्हणाली, आल्डो तर काम अर्धवट असलं की रोज त्यावर उशीचा अभ्रा घालून जायचा. म्हटलं, आल्डोला अशी खुळं फार. ते गुलाबी एप्रन धुऊन ठेव. त्याच्या मापाचं आहे का बघ.

३० जानेवारी
घात झाला.

सकाळी बटण दाबलं तर फट् असा आवाज, धूर आणि करपलेला वास. घरभराची वीज गेली. वर फ्रीझरमध्ये ख्रिसमसची कोळंबी होती. नोएलीन कोळंबीवरून बोलतेय. कुणाला कशाचं.

परवा दिवसभर तो उत्तम चालत होता. आणि परवाच संध्याकाळी आल्डोची गाडी आमच्या दारात उभी होती! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नोएलीन म्हणते, आंबे द्यायला आले होते. आंब्यांची पेटी मारिसाने उचलून आणली. हा हात खिशात घालून घराखाली उभा. बायकोला ओझं वाहायला लावून हा माझ्या कॉम्प्युटरशेजारी काय करत होता?

आंबे खाल्ले. पण पुरावा म्हणून पेटी ठेवली आहे.

३१ जानेवारी
जाब विचारायला गेलो. पेटी घेऊन.

आल्डो व्हरांड्यात हात मांडीखाली दाबून बसला होता. सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, डबा उघडा होता? अभ्रा होता? मी म्हटलं, विषय बदलू नकोस. तो म्हणाला, चल, गाडी तू चालव.

घराखाली आला. म्हणाला, वायर काढ आधी, मूर्खा. आता पॉवर सप्लायच्या जाळीतून आत बघ. खोलू नकोस, नुसतं बघ. काही दिसेना. टॉर्च त्याच्या हातात दिला. उजेड भिंतीवर, छतावर, माझ्या पायांवर. मी खेकसलो, अरे नीट धर की, एवढं साधं काम आहे! तीस वर्षं मी कसा धरत होतो?

त्याने टॉर्च खाली ठेवला.

जमिनीवरूनच उजेड बरोबर जाळीत गेला. आत पाल होती. भाजलेली. उबेला आत शिरली असणार. आल्डो म्हणाला, अभ्रा याच्यासाठी, लेका. तीस वर्षं तुला काय वाटलं, कॉम्प्युटरला थंडी वाजते?

मी हसलो. तो हसला नाही. त्याने हात पुढे केले. नुसते धरले होते, तरी थरथरत होते.

ऑगस्टपासून आहे म्हणाला. टाउन्सव्हिलचा डॉक्टर पार्किन्सन म्हणतो. बारीक स्क्रू धरता येत नाही. नातवंडांसाठी एक जोडायला घेतला होता. प्रोसेसर हातातून पडला, पिना वाकल्या. मारिसाने सगळं गोळा करून कपाटात टाकलं आणि दुकानातून तयार आणला. मग क्लबात कुणीतरी विचारलं, का रे, तू आणि तयार? हातांचं सांगण्यापेक्षा भावाचं सांगितलं. भावाचं कुणी पुढे विचारत नाही.

मी म्हटलं, मला तरी सांगायचंस. तो म्हणाला, तू बोलत नव्हतास ना माझ्याशी.

मागची पानं चाळली. बिअर. बदकांचा कप. आंबे. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मला माझी फार लाज वाटते. आज एवढंच.

७ फेब्रुवारी, शनिवार
मेळावा. पैज हरलो. गुलाबी एप्रन मला पोटावर होत नाही, नोएलीनने मागे दोरी जोडली. आल्डो माझ्या शेगडीशेजारी खुर्ची टाकून, हात खिशात घालून दिवसभर बसला आणि हुकूम सोडत राहिला. आता उलट. तो नाही, डावीकडचा. अरे करपला! गावाने पाहिलं, गाव हसलं. तो तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

कुणीतरी विचारलं, काय रे लिंडसे, घरी जोडण्यात आता काही अर्थ आहे का? मी म्हटलं, अजिबात नाही. महाग पडतं, डोकं पिकतं, कोळंबी जाते. आल्डोने मान डोलावली.

निघताना हळूच म्हणाला, नवा पॉवर सप्लाय कधी येतोय? सोमवारी, म्हटलं. तो सकाळी दहाला येणार आहे. नोएलीनने अभ्रा धुतलाय. मी एक झाकणाचा कप आणलाय, बिनबदकांचा. आणि टॉर्च कपाळाला बांधायचा पट्टा.

म्हणजे टॉर्च धरायला आता कुणी लागणार नाही. स्क्रूच उरले. ते मला येत नाहीत.