अकरा नंबरची बाटली

जुन्नर, ता. ९ फेब्रुवारी १९१२

मावसबंधू सत्तार यास बदरुद्दीनचा सलाम.

इकडे सगळे खुशाल. अम्माचे गुडघे थंडीने धरले होते, आता बरे आहेत. तुझं पत्र आलं की ती मला तीनदा वाचायला लावते आणि तिसऱ्या वेळेलाही "माझा सत्तार" म्हणून डोळे पुसते. तिला रोज हाताला धरून ओट्यावर आणून बसवणारा मी, पण "माझा बदरू" असं काही अजून ऐकलेलं नाही. असो.

तुझी पेटी टपालाच्या टांग्याने मागच्या आठवड्यात सोमवारी मिळाली. बारा बाटल्या, एकही फुटली नव्हती. प्रत्येकीवर तुझ्या हातचा नंबर आणि जिची-ज्याची भरायची त्या माणसाचं नाव. शाळेत तुझं अक्षर माझ्याहून वाईट होतं, मुंबईने सुधारलेलं दिसतं.

तू लिहितोस की बोरी बुद्रुकला कार्तिकात सात जणांना मुदतीचा ताप आला, त्यात यमाजीची बायको सारजाबाई गेली, तो ताप पसरवणारं माणूस अंथरुणावर नसून हिंडतं फिरतं आहे. त्याला स्वतःला काही होत नाही, पण तापाचे जंतू त्याच्या आतड्यात बिऱ्हाड करून असतात आणि त्याच्या हातून दुसऱ्यांच्या पोटात जातात. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर हे ऐकून हसले. मी हसलो नाही. तू चुकावास असं मला इतकं मनापासून वाटत होतं की हसलो असतो तर ते दिसलं असतं.

लोकांकडून परसाकडची बाटली भरून घेणं काय असतं, ते तिकडे प्रयोगशाळेत बसून कळायचं नाही. तरणेताठे बाप्ये मळ्यात पळून गेले. रखमाजी म्हणाला, "शेतसारा घेतला, आता सरकारला ह्ये बी पायजे का?" अकरा नंबरची चिमाबाई धनगर, जी गावाला ताक घालते, तिने तर माझ्या तोंडावर दार लावलं. आतून म्हणाली, "मेले तरी असलं काय बाटलीत घालून देनार न्हाई. आयाबहिनीला असलं इचारता तरी कसं तुमी?"

तरी अकराच्या अकरा बाटल्या भरून पाठवत आहे. बदरुद्दीनचं काम अर्धवट राहिलं, असं तुझ्या साहेबांना म्हणायला जागा नको.

बारावी, माझ्या नावाची, मात्र रिकामी येत आहे. कामाच्या गडबडीत राहून गेलं. शिवाय दर गुरुवारी बोरीच्या चावडीवर बसून, घागरभर पाण्यात स्वतःच्या हाताने पूड कालवून गावाला औषध पाजणारा मी कंपौंडर, आणि तू माझीच तपासणी करणार, हे जरा जास्त झालं. सातवीला पहिला नंबर कोणाचा होता ते विसरू नकोस. त्या प्रयोगशाळेतली जागाही आधी मलाच सांगून आली होती. ऐन वेळी मी एकवीस दिवस मुदतीच्या तापाने पडलो, म्हणून माझ्या जागी तू गेलास.

तुझी भाभी बिबिजान तुला सलाम सांगते. तुला मुंबईचं पाणी मानवलं का, असं विचारते. मी म्हटलं, चांगलंच मानवलंय.

तुझा
बदरुद्दीन

जुन्नर, ता. १४ एप्रिल १९१२

सत्तारभाईस सलाम.

छापील अहवाल पोहोचला. डॉक्टरांनी इंग्रजी वाचून मला मराठीत अर्थ सांगितला. तुझं नाव तिसऱ्या पानाच्या तळाला आहे, बारीक टायपात आहे, पण आहे. अम्माने तो हिरव्या रुमालात बांधून ठेवला आहे आणि येईल त्याच्यापुढे रुमाल सोडते. तिला अक्षर वाचता येत नाही, तरी तुझ्या नावावर बोट बरोबर ठेवते. अकरा बाटल्या गोळा करायला मी आठ दिवस बोरीच्या खेपा घातल्या, त्याबद्दल अहवालात "स्थानिक मदतीने" एवढे दोन शब्द आहेत. त्या दोन शब्दांवर अम्माला कुठे बोट ठेवायला सांगू?

अकरा नंबरमध्ये जंतू सापडले म्हणतोस. साहेबांनी स्वतः भिंगातून पाहिले आणि तुझी पाठ थोपटली. छान झालं.

एक विचारतो, नुसतं माहितीसाठी. बाटल्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? आणि असं माणूस औषधाने बरं होतं का, की जन्मभर तसंच राहतं? त्याने घरात काय जपावं? लहान मुलांना जवळ घ्यावं का? चिमाबाईसाठी विचारतो आहे.

तिचं म्हणशील तर मामलेदार कचेरीचा हुकूम निघाला, की तिने दूधताक विकायचं नाही. गावाने पाणवठ्यावर तिची घागर वेगळी काढली. तिच्या सोनबाची सोयरीक खोडदला ठरत होती, ती माणसं परत फिरकली नाहीत. ती दारोदार सांगत होती की मी बाटली दिलीच नव्हती. तिचं कोण ऐकणार? छापून आलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. शेवटी मेंढरं घेऊन ती आणे गावच्या पठारावर गेली. सोनबाही गेला.

बिबिजान म्हणते, अहवाल आल्यापासून माझ्या पोटात दुखतंय. ती थट्टा करते. तुझी वाहवा मला सोसत नाही, एवढंच तिला म्हणायचं असतं. तिची पोळी मात्र हल्ली वेगळ्या ताटात घ्यायला सांगितली आहे, आणि का ते तिला कळत नाही.

उत्तर लवकर धाड.

बदरुद्दीन

जुन्नर, ता. ७ जुलै १९१२

सत्तार,

सलाम. खुशालीचं या वेळी राहू दे.

तुझं पत्र मिळालं. साहेबांना चिमाबाईला मुंबईला नेऊन तपासायचं आहे, तिला घेऊन ये, असं तू लिहितोस. आणि बारा नंबरची बाटली परत धाडून शेवटी आपला म्हणून पुसतोस, की बदरू, तुझी बाटली राहिलीच.

बोरीत पुन्हा ताप आला आहे. रखमाजीची सून तुकाबाई पंधरा दिवस पडून आहे. चिमाबाई गाव सोडून तीन महिने झाले, आणि तुकाबाई तर तिचं ताक कधीच घेत नव्हती. तुकाबाईला खोकला होता, म्हणून चावडीवर माझ्या हातचा डोस तिने ओळीने तीन गुरुवार घेतला होता.

गेल्या मंगळवारी मी आण्याला गेलो. चिमाबाई पालाच्या तोंडाशी बसून लोकर पिंजत होती. मला वाटलं होतं शिव्या देईल. ती म्हणाली, "या कंपौंडरभाऊ. लई लांब आला." आत जाऊन ताकाची वाटी घेऊन आली, माझ्यापुढे धरली, आणि मग आपणच मागे घेतली. म्हणाली, "नगं. माज्या हातचं नगं तुमाला. तुमाला लेकरं हाईत." ते ताक तिने बाजूला ओतून दिलं. मग म्हणाली, "भाऊ, म्या बाटली दिलीच न्हाई, तर माजं नाव निगालं कसं? तुमी शिकल्यालं. येकदा वाचून बगा की त्यो कागुद."

मी म्हटलं, बघतो.

सत्तार, आता सरळ लिहितो. अकरा नंबरच्या बाटलीत चिमाबाईचं काही नव्हतं. तिने दार लावलं, आणि "दिली नाही" असं तुला लिहायचं माझ्या जिवावर आलं. तुझ्यापुढे मी कमी पडलो असं झालं असतं. म्हणून ती बाटली मी भरली. माझीच. आणि बारावी रिकामी धाडून तुला नकार दिल्याचं समाधानही करून घेतलं. त्यात काही निघेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

अहवाल आला त्याच दिवशी मला समजलं. मग गप्प का बसलो? नोकरीची भीती होती, लोकांची लाज होती, हे सगळं खरं. पण मुळाशी तू होतास. माझ्यावरचा तुझा संशय बरोबर होता. मी खरं बोललो की तू आणखी मोठा होतोस. गप्प बसलो, की तुझ्या छापील कागदात एक खोट राहते, आणि ती फक्त मला माहीत असते. तीन महिने मी त्या खोटीवर खूश होतो. अम्मा हिरवा रुमाल सोडायची तेव्हा मनात म्हणायचो, दाखव, दाखव सगळ्यांना, तुझा सत्तार फसलाय त्यात.

सारजाबाई गेली तेव्हा मी मयतीला गेलो होतो. शेवटचं औषध तिला मीच पाजलं होतं.

सात वर्षं मी म्हणत आलो की त्या तापाने माझी मुंबई नेली. तो ताप माझ्यातून कधी गेलाच नव्हता. तुला तिकडे धाडून तो माझ्याकडेच राहिला. आजही हे लिहिताना मला वाटतं की भिंगाशी मी बसायला हवा होतो आणि बाटली तुझी असायला हवी होती. असं वाटू नये, पण वाटतं, आणि तुला खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो.

आता एवढं कर. साहेबांना सांगून कचेरीला आधी चिमाबाई निर्दोष असल्याचं पत्र धाड. ते मुंबईहून आलं पाहिजे, माझ्या शब्दाला इथे कागदाची किंमत नाही. डॉक्टरांना मी काल सांगितलं, औषधाची पेटी त्यांच्या हवाली केली. गुरुवारी बोरीला जातो, पण रिकाम्या हाताने. चावडीवर उभा राहून यमाजीच्या समोर हे सगळं बोलणार आहे. तिथून आण्याला. अम्माला मी सांगेन, तू लिहू नकोस.

अहवाल पुन्हा छापाल तेव्हा माझं नाव नीट घाल, बारीक टायपात चालेल. मुंबईला मीच येतो. सोबत बारा नंबरची बाटली धाडली आहे. या खेपेला चिठ्ठीवरचं नाव आणि आतला माल एकाच माणसाचा आहे.

तुझी बाटली नंबर अकरा, आणि बाराही,
बदरुद्दीन