चिंचेनं घासलेली नाणी

बाबा, तुमच्या नाण्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. सांगण्यासारखं फारसं चांगलं नाही, म्हणूनही असेल. शिवाय मला तुमच्यावर रागवायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही.

तुम्ही एसटीत कंडक्टर. अहेरी-सिरोंच्याकडची मुक्कामी गाडी मिळाली की तिथल्या सोनाराच्या दुकानात जाऊन बसायचात. वितळवायला आलेले चांदीचे जुने रुपये, निजामाच्या राज्यातले तांब्याचे पैसे, जे मनात भरेल ते पगारातून उचलून आणायचात. आईचं लुगडं त्यापायी पुढच्या वर्षावर जायचं. मावशी हसायची, "भाऊजी भंगार जमवून राह्यले," म्हणायची. तुम्ही आपले एकेक नाणं कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवत बसायचात. एकदा मी एक काळा पडलेला रुपया राखेनं घासून लख्ख केला आणि मोठ्या कौतुकानं तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो हिसकावून घेतलात. "हात नोको लावू त्याले, सांगून ठेवतो," एवढंच बोललात आणि तो पुन्हा कागदात गुंडाळलात. का, ते सांगितलं नाहीत. न विचारता घेतला म्हणून रागावलात असं मी समजले. आईनंही तसंच समजून मला दटावलं.

तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं डबा कपाटावर तसाच होता. मग आईनंच विषय काढला की विकू या. नड अशी नव्हती, मी शाळेत शिकवत होते, घर चाललं होतं. तिला वेगळंच काही हवं होतं. "कोनीतरी जाणकार मानूस येऊन पाहू दे," ती म्हणाली. "तुह्या बापाले सारे येडा म्हनत होते. मीबी म्हनलं. खरं काय ते एकदा कळू दे मले." चंद्रपूरला जुनी नाणी घेणारे एक म्हातारे मुसलमान व्यापारी होते, त्यांना मी फोन करून ब्रह्मपुरीला बोलावलं.

ते यायचे त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी आले, तर आई विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून तयार, आणि टेबलावर स्टीलच्या ताटात तुमची सगळी नाणी चकचकत होती. आदल्या दिवशी चिंच भिजत घालून, राख चाळून तिनं एकेक घासलं होतं. "पावण्यापुढे असं कळकट ठेवाचं का? लोकं नावं ठेवतील," म्हणाली. मलाही ते बरोबरच वाटलं. नाणी छान दिसत होती, बाबा.

ते गृहस्थ ताटाकडे बघतात आणि खिशातलं भिंग काढायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरतो. आई चहा ठेवायला आत जाते. ते एक रुपया फक्त कडेला धरून उचलतात, खिडकीच्या उजेडात तिरपा करतात आणि भिंग माझ्या हातात देतात. रुपयावरच्या राणीच्या गालावर बारीक बारीक रेघाच रेघा. "घासलं न, बेटी?" ते हळूच विचारतात. "अक्षराच्या कोपऱ्यात जो मळ रायते, आमी आधी तोच पाहतो. नाणं असली का नकली, किती फिरलं, तेथूनच समजते. आता इथी पाहाले काही नाई रायलं." डब्याच्या तळाशी अंथरलेल्या कागदाखाली एक तांब्याचा पैसा आईच्या घासण्यातून सुटला होता. तो त्यांनी काढून घासलेल्या पैशाशेजारी ठेवला. एक दाट तपकिरी, दुसरा सोललेल्या कातडीसारखा गुलाबी. "हा एक मी चांगल्या भावानं घेतो. चांदी वजनानं जाईल. बाकी तांब्याले कोनी विचारनार नाई." मग म्हणाले, "जमा करनाऱ्यानं लेकिन एकेक निवडून घेतलं होतं. नजर होती त्याले. घरात कोनाले सांगितलं नाई का, धुऊ नका म्हनून?"

नजर होती हे ऐकून मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी तुमचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तुमचं एक वाक्य पुरलं असतं.

आई कप घेऊन आली. "कशी हायेत, भाऊ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मालकाले पारख होती, बाई," एवढं म्हणाले, आणि ते खरंच होतं. खोटं मी बोलले. सगळी घेताहेत, असं मी आईला सांगितलं. नाणी पुन्हा डब्यात भरून त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत गेले, तो न घासलेला एक पैसा त्यांना दिला आणि डबा शाळेतल्या माझ्या कपाटात ठेवला. नाणी घासली नसती तर काय आलं असतं तेवढं त्यांना विचारून घेतलं आणि तेवढं माझ्या बचतीतून आईच्या हातात ठेवलं. तिनं ते तुमच्या फोटोपुढे ठेवलं, तोंडाला पदर लावला. "येडा नव्हता गं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मावशीला मुद्दाम जाऊन सांगून आली. मला वाटलं, निभावलं.

निभावलं नाही. शेजारच्या शिलाई करणाऱ्या चाची आत्ता आमच्या मागच्या पडवीत बसल्या आहेत. त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेली जुनी नाणी दाखवायची आहेत, रविवारी तेच गृहस्थ येणार आहेत. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या नाण्यांवर अडलं आहे. आणि आई त्यांना सांगते आहे, "मी घासले तवाच तर भाव आला. तुम्ही बसा, मी करून देतो." चिंच भिजली आहे. अजून एकही नाणं त्यात पडलेलं नाही, तोवरच मी बोलायला हवं. बोलले की तुमच्या सगळ्या आयुष्याची जमवाजमव आपल्याच हातानं घासून टाकली, हे आईला कळेल. ते मला तिला कळू द्यायचं नव्हतं.

तुम्हाला सांगायचं राहिलं म्हणून लिहायला बसले, असं वर म्हटलं. ते काही खरं नाही. मागे पडवीत जावं लागू नये म्हणून बसले आहे. आई हाक मारते आहे, राख चाळून आण म्हणते. उठते आता, सांगणार आहे तिला. पण बाबा, तुम्ही का बोलला नसाल ते मला माहीत नाही, आणि तरी आज मलाही तुमच्यासारखंच गप्प बसावंसं वाटतं आहे.