बाबांच्या खणाला कुलूप

४ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. तुमच्या वृद्धाश्रमातल्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला होता. इन्सुलिन वेळेवर टोचूनही तुमची शुगर पाच दिवस चढतीच आहे, तुम्ही चोरून गोड खात असणार, असं त्या म्हणाल्या. घरी असताना साखरेच्या डब्याला तुमचे हात लागायचेच, बाबा. म्हणून तुमच्या खाटेजवळच्या खणाला कुलूप लावायला मीच सांगितलंय. रागावू नका. जिवाला घोर लागलाय.
तुमची काळजी करणारी,
धाकटी

७ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
कुलूप लागलं. चष्मा आत राहिला, तो आता मागून घ्यावा लागतो. गोडाचा कणही माझ्या तोंडात गेलेला नाही. घशाला सारखी कोरड, पाय उचलवत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांचंही तसंच, आणि त्यांच्याही खणाला कुलूप. दोघं म्हातारे एकाच आठवड्यात चोर कसे झालो, ते तूच सांग.
राग नाही, पण वाईट वाटलं.
बाबा

९ मार्च
ती. बाबांस,
सा. न. वि. वि.
मास्तरांचं वाचलं आणि वाटलं, दोघांचं एकदम बिघडलं म्हणजे इन्सुलिनच खराब झालं असेल. दोघांचं इन्सुलिन कुठे ठेवता, असं सिस्टरांना विचारलं. फ्रिजमध्येच, म्हणाल्या, आणि घरबसल्या शंका काढू नका असंही सुनावलं. जन्मभर फ्रिज दुरुस्त केलेत तुम्ही, एकदा बघाच. आणि डॉक्टर फेरीला आले की त्यांना थांबवून सांगा. शनिवारी मी येतेय. तोवर जपा.
धाकटी

१२ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
सिस्टर नको नको म्हणत होत्या, तरी डॉक्टरांसमोरच फ्रिज उघडायला लावला. दारावर हात ठेवताच कळलं, मशीन थांबतच नव्हतं, आत नको तेवढं गार झालेलं. इन्सुलिनच्या बाटल्या मागच्या बर्फाला चिकटलेल्या. लेबलं भिजून अक्षरं गेलेली. कुठली कुणाची, कधी उघडली, काही वाचता येईना. एकदा गोठलेल्या इन्सुलिनचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्या फेकून नव्या मागवल्या. आता प्रत्येकीवर नाव नि तारीख आहे, आणि फ्रिजमध्ये तापमापक. माझी शुगर उतरू लागलीय.
मास्तरांना मात्र परवाच मोठ्या दवाखान्यात हलवलं. अजून शुद्ध नाही. सिस्टर माझ्या खाटेशी येऊन रडल्या.
शनिवारी आलीस की माझी माफी मागत बसू नकोस. आधी दवाखान्यात जा. मास्तरांचा मुलगा तिथे बाहेर बसलेला असेल, आणि वडिलांनी गोड खाऊन हे ओढवून घेतलं असंच तो समजतोय. त्याला खरं काय ते सांग.
तुझा,
बाबा