टॅनचा उजवा पाय

३ एप्रिल, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. शहाद्यात बुटांचं दुकान चालवणारा माणूस रिकामा नसतो, तरी लिहायचं. या लग्नसराईत टॅन चालणार म्हणजे चालणार! चामडं आपण जैन माणसं ठेवत नाही, रेक्झिनच. पण रंग कसा, कडक चहात बेताचं दूध. होळीलाच दणकून माल भरलाय.
पुण्याहून रिषभचा फोन नाही. मुलगा बिझी आहे. चांगलंच आहे.

५ एप्रिल
पहिलं टॅन गिऱ्हाईक. गिरधर, स्वतःच्या लग्नासाठी. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे उजवा पाय शोकेसमध्ये, डावा खोक्यात. दोन्ही शेजारी ठेवले, तर म्हणाला, शेठ, एक बूट मन्हा अन् एक मन्हा सासराना शे का? मी म्हटलं, लाइटमुळे तसं दिसतं. तो गेला.
उजवा खरंच फिका पडलाय. सगळेच उजवे. उन्हानं घात केला.

६ एप्रिल
बाहेर ताडपत्रीची छपरी लावायची ठरवलं. किती लांब, हे विचारायला रिषभला फोन. त्यानं मयंककडे दिला. नातू, दहावीची व्हेकेशन बॅच. मयंक म्हणाला, दादाजी, ही तर टॅनची गोष्ट. मी म्हटलं, मग, बूट टॅनच आहेत! पोरगा कितीतरी वेळ हसला. मग समजावलं: काठीची उंची भागिले तिची सावली, तो सूर्याच्या कोनाचा टॅन. टॅन मोठा, तर छपरी लहान पुरते. मी म्हटलं, माहीत होतं, जरा विसरलो होतो.
आमची ही, पानीबाई, गेल्यापासून या घरात फोनवर एवढं हसणं झालं नव्हतं. अर्थात फोन कामाचाच होता.

९ एप्रिल, दुपारी बारा
ऊन सगळ्यात कडक आत्ता, म्हणून माप आत्ताच. छत्री उभी केली. सावली एवढीशी, टॅन भलामोठा. म्हणजे वीतभर छपरी बस्स. पुस्तकी माणसाला हे सुचलं नसतं. मयंकला तीनदा फोन करून खात्री केली.

१० एप्रिल, संध्याकाळी
छपरी लागली. पाच वाजता ऊन तिच्याखालून सरळ शोकेसमध्ये. मयंकनं विचारलं, दुकानाचं तोंड कुठे आहे? पश्चिमेला! दुपारचं ऊन आत येतच नाही म्हणे.
लहानपणी मयंक याच पायरीवर संध्याकाळी कुल्फी खाताना उन्हानं डोळे किलकिले करायचा. विसरला. लहान होता, कसं आठवणार. मला मात्र वाईट वाटलं.

१४ एप्रिल
साडेपाचचं माप घेतलं. टॅन बारीक. हिशेबानं छपरी रस्ता ओलांडून समोरच्या कुंदनच्या मेडिकलमध्ये घुसते. मयंक हसला, मीही हसलो. कुंदन काउंटरवरून बघत होता. शेवटी हातभर लांब केली.
आता रोज वेगवेगळ्या वेळी माप घ्यायचं नि कळवायचं. शास्त्राला घाई चालत नाही.

१९ एप्रिल
मयंकला म्हटलं, मे महिन्यात ये. एकानं छत्री धरायची, एकानं टेप. एकट्याचं काम नाही. बघतो म्हणाला. आमच्या घराण्यात बघतो म्हणजे हो. वरच्या खोलीतला कूलर दुरुस्तीला दिला. आंब्याची पेटी सांगून ठेवली.

२३ एप्रिल
फोन सूनबाईनं घेतला. शिखा म्हणाली, पप्पाजी, तो क्लासमध्ये असतो, रात्री मीच करायला सांगते. बिचारी किती काळजी घेते. रात्री फोन आला नाही. इकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.
टॅनचे डावे पायही फिके करून घ्यावेत का? जोड तरी जमेल. उद्या ठरवतो.

२ मे
मयंकनं व्हॉट्सॲपवर शीट पाठवली. तारीख, वेळ, छपरीची लांबी टाका; ऊन कुठपर्यंत येईल ते सांगते. काय पोरगं आहे! कुंदनला जाऊन दाखवलं.
खाली लिहिलंय: दादाजी, आता रोज फोन करायची गरज नाही. साधा पडदा लावला तरी चालेल. मेमध्ये कॅम्प आहे, सॉरी.
कॅम्प महत्त्वाचा. कूलर काय, मलाही लागतोच.

५ मे
छपरी उतरवली. वारा सुटला की तशीही गेली असती. मयंकला फोन केला: छपरी गेली, आता सगळा हिशेब नव्यानं करावा लागेल, केव्हा बसायचं? तो म्हणाला, दादाजी, तीच शीट, फक्त लांबी बदला. ठेवतो हं.

५ मे, संध्याकाळी
फार एकटं वाटतंय. कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.
शीट उघडली. लांबीच्या जागी शून्य टाकलं. उत्तर आलं, ऊन गल्ल्यापर्यंत येईल.
गल्ल्यावर मी बसलो होतो. आलं.