मालकांना विचारून सांगते

सोमवार, ६ जानेवारी २०२५

...मग दोन क्रेट चिकू हौदावर धुतले, गोणपाटावर चोळून वरची भुकटी काढली. अंगण आधीच झाडून झालं होतं. शेळीला पाला टाकला. हे ओट्यावर बसून फोडी करत होते. म्हणाले, "सरला, जाड होतायत का गं?" मी म्हटलं, "होतायत." बस, एवढंच. तीन वर्षांपूर्वीची सकाळ. तिच्यात काहीच घडलं नाही, म्हणून सगळी आठवते. पुढच्या आठवड्यात हे गेले.

आज आठवायला कारण झालं. नरपडच्या किनाऱ्यावर माझं टेबल असतं, तिथे पुण्याची एक बाई आली. वाळवलेल्या चिकूची चार पाकिटं घेतली. म्हणाली, "तुमची वेबसाइट नाही? मी घरूनच मागवीन ना!"

मी म्हटलं, "होणार आहे."

चक्क खोटं! पण दुपारभर तेच डोक्यात — खोटं का राहावं?

मंगळवार, ७ जानेवारी

डहाणूला जाऊन आले. स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानाच्या वर जीवनचं ऑफिस आहे, वेबसाइट बनवतो. तिशीचा असेल. बोलायला गोड.

"मावशी, बजेट किती आहे?"

"आधी तू तुझं सांग."

नमुना म्हणून त्याने स्क्रीनवर चिकूचा फोटो दाखवला. हिरवट, कच्चा, चीक सुकलेला. मी म्हटलं, "हा कुठल्या देशातला? आमच्याकडे असा चिकू कोणी उचलणारही नाही." खूप हसला.

मग कागद हातात दिला. एकसष्ट हजार सातशे! माझ्याकडे आहेत पस्तीस. तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, "मालकांना विचारून सांगते."

"विचारा की. काका असतात कुठे?"

"वाडीवर."

तोंडातून गेलं ते गेलं. परत घेतलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

दोन दिवस तो कागद वाचते आहे. शाळा चौथीला सुटली, वाचणं सुटलं नाही. पुड्यांचे कागद वाचले, लेकीची पुस्तकं वाचली, तर हा कागद काय मोठा! श्रुतिकाची जुनी डिक्शनरी काढली. अडलं ते तिलाच फोन करून विचारलं. ती तलासरीला शाळेत शिकवते, मधल्या सुट्टीत उचलते.

तर असं आहे. डोमेन म्हणजे नाव. ते दरवर्षी पुन्हा घ्यावं लागतं. होस्टिंग म्हणजे जागेचं भाडं, तेही दरवर्षी. म्हणजे पुढच्या वर्षीचा खर्च आत्ताच बाजूला काढला पाहिजे, नाहीतर आपलंच दुकान आपल्या तोंडावर बंद! कागदावर हे कुठेच नाही. आणि खाली बारीक अक्षरात — डोमेन कंपनीच्या नावावर राहील. कंपनी म्हणजे जीवन. माझं नाव, पैसे माझे, आणि ते त्याच्या खिशात?

लगेच फोन लावला.

"मजकूर लिहायचे आठ हजार? मालक म्हणतात, आमचा चिकू, आम्हीच लिहू."

"बरं."

"फोटोचे सात हजार? मालक म्हणतात, मुलीच्या मोबाईलवर चांगले येतात."

"मावशी, काका फार कडक आहेत हो!"

"आहेत. गूगलमध्ये वर आणायचे दहा हजार तर ते देणारच नाहीत. आणि बारा पानं कशाला? पाच पुरेत."

पुष्पा शेजारी बसून बिया काढत होती. गंजाडहून येते कामाला, तोंडाची धारदार. फोन ठेवल्यावर म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या नावावर भाव करतेस, सरलाबाय?"

म्हटलं, "होते तेव्हा त्यांना भाव करता येत नव्हता. आता शिकलेत."

दोघी हसलो. मग मला उठून आत जावं लागलं.

रविवार, १२ जानेवारी

प्रविण आला. ह्यांचा धाकटा भाऊ. चहा संपायच्या आत मुद्द्यावर.

"वहिनी, अर्धे पैसे मी घालतो. नाव टाकू — प्रविण फार्म्स. बाईचं नाव बघून होलसेलवाला फोन करत नाही."

"मग नको करू दे."

"रागावू नका. तुमच्या भल्याचंच सांगतोय. उद्या काही अडलं तर सह्या कोण करणार?"

"मी. माझी सही वळणदार आहे."

वाळवणाचं काम मी सुरू केलं. कुजायला लागलेले चिकू दोन रुपये किलोने जात होते तेव्हा. तेव्हा प्रविण म्हणाला होता, "वहिनींनी आता माश्या पाळल्यात." आज त्याला त्यावर स्वतःचं नाव हवंय! अर्ध्या पैशात पूर्ण धंदा. नको. पाच पानांच्या जागी दोन पानांची करीन, पण माझी करीन.

सोमवार, १३ जानेवारी

जीवन एकोणतीस हजार सातशेवर आला! डोमेन माझ्या नावावर. उरलेल्यात पुढच्या वर्षीचं भाडं. मालक खूश!

बुधवार, १५ जानेवारी

सगळं अडलं.

वेबसाइटवर लोकांनी पैसे भरायचे तर ते बँकेच्या खात्याशी जोडावे लागतात. जीवनचा सकाळीच फोन. "मावशी, तुम्ही दिलेलं खातं काकांच्या नावावर आहे ना? खातेदाराला व्हिडिओवर यावं लागतं. हातात आधार कार्ड धरायचं, नाव सांगायचं. पाच मिनिटं काकांना बसवा फक्त."

मी म्हटलं, "विचारून सांगते."

टेबलावर चिकटवलेला क्यूआर अजून त्याच खात्याचा आहे. बँकेला काही कळवलं नाही. तीन वर्षं. पिन मला माहीत, फोन माझ्याकडे, काम चाललं. चुकीचं आहे, माहीत आहे मला. पण लोक पैसे भरतात आणि मोबाईल माझ्यापुढे धरतात — "काशीनाथ, बरोबर ना? गेले बघा काशीनाथना." दिवसातून पाच वेळा, सुट्टीच्या दिवशी वीस वेळा. कोणीतरी अनोळखी माणूस हसून ह्यांचं नाव घेतो. मी मान हलवते — हो, पोचले.

ते बंद करायचं?

पस्तीस हजारही त्याच खात्यात आहेत. बँकेला सांगितलं की खातं गोठणार. पैसे वारसाला मिळेपर्यंत किती दिवस, कोणास ठाऊक. जीवनला आगाऊ रक्कम महिनाअखेर द्यायची आहे. चिकूचा भर आत्ता आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

प्रविणला कुठून कळलं देव जाणे. संध्याकाळी हजर.

"एवढंच ना? माझं खातं जोडा, वहिनी. व्हिडिओत मी बसतो. संध्याकाळपर्यंत काम फत्ते."

खरं सांगते, हे कोणाला दाखवायचं नाही — पाच मिनिटं मला ते पटलं होतं. खातं त्याचं, म्हणजे ह्यांचं तसंच राहील. कोणाला काही सांगायला नको.

मग तो म्हणाला, "नाहीतर दादाच्याच नावाने बसतो. दाढी वाढवली की दादासारखाच दिसतो मी. व्हिडिओत कोण बघतंय?"

आणि हसला.

मी कप उचलला. त्याचा चहा अर्धा होता. मोरीत ओतला. म्हटलं, "प्रविण, घरी जा."

"वहिनी, मस्करी केली हो!"

"जा."

तो गेल्यावर कप घासून पालथा घातला. राग त्याचा आला, पण मी तरी काय करत होते? दहा दिवस ह्यांना वाडीवर ठेवलंय, फोनवर बोलायला लावलंय. तो दाढी वाढवून करणार होता, मी बिनदाढीची करतेय.

श्रुतिकाला फोन केला. म्हटलं, बाबांचा दाखला कुठे आहे? ती म्हणाली, "कपाटात, आई. तुझ्या शालूच्या घडीखाली. मी तेव्हाच पाच प्रती आणल्या होत्या. तू हात लावू देत नव्हतीस."

"पैसे अडकतील गं."

"मी देते."

"नको. जीवनला महिनाभर थांबायला सांगेन. नाही थांबला तर दुसरा बघेन."

पाचही प्रती सापडल्या. कोऱ्या करकरीत.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी जीवनला फोन करून सांगितलं — मालक तीन वर्षांपूर्वी गेले, भाव सगळा मीच केला. तो म्हणाला, "मावशी, पैसे सुटले की द्या. मी काम सुरू करतो."

बँकेत खिडकीवरच्या मुलीने दाखला घेतला, फॉर्म पुढे ओढला. विचारलं, मृत खातेदाराचं नाव? मी दाखल्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना, मी लिहिते." लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. मागे रांग होती.

मी सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. मग मोठ्याने सांगितलं.