दोन वर्षं मरायचं नाही

५ जानेवारी २०२६, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. बायकोनं, द्वारकेनं तर नाहीच, कारण विषय तिचाच आहे.

काल कऱ्हाटीला जुना दोस्त सर्जेराव, त्याच्या दहाव्याला गेलो होतो. त्याची बायको भिंतीला टेकून बसलेली. बँकेचं पासबुक कुठं ठेवलंय तेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. पणदऱ्याला परत येईपर्यंत एसटीत एकच विचार, माझ्यामागं द्वारकेचं काय? आमच्या घराण्यात पुरुषच आधी जातात. आजा गेला, वडील गेले, बायका मागं कितीतरी वर्षं राहिल्या. त्या दोघी खमक्या होत्या. द्वारकेचा माझ्याशिवाय एक दिवस निघायचा नाही.

निर्णय: लाइफ इन्शुरन्स. या आठवड्यात काम फत्ते.

८ जानेवारी
प्रतिक्षा येऊन गेली. कन्हेरीची पोरगी, विम्याची एजंट, स्कूटीवर फिरते. तिच्या कंपनीत नवी पॉलिसी सत्तरीपर्यंतच मिळते. मी म्हटलं मग प्रश्नच मिटला, मी अडुसष्टचा. शाळेचा दाखला काढून दाखवला. तिनं आधार मागितलं. आधारवर मी पंच्याहत्तर.

आता ही चूक नव्हे, ही हुशारी. पंच्याहत्तर झाले की एसटी फुकट. म्हणून गेल्या वर्षी गावात आधारचा कॅम्प लागला तेव्हा ओळखीनं वय वाढवून घेतलं. सगळ्यात आधी मीच, बाकीचे नंतर मला विचारत आले. प्रतिक्षा म्हणाली, आप्पा, एसटीत म्हातारं आन् विम्याला तरणं, असं कसं चालंल? हुशार आहे, पण तोंडाळ.

जाताना तिनं विचारलं, काकूंचा पण काढायचा का, त्या वयात बसत्यात. मला हसूच आलं. म्हटलं, हिला काय धाड भरलीय? द्वारका उठली. चहाचे कप उचलून आत गेली.

१२ जानेवारी
बारामती, आधार सेंटर. ऑपरेटर म्हणाला जन्मतारीख एकदाच बदलता येते, तुमची बदलून झालीय. मी शांतपणे समजावलं की मी परत मूळ तारखेवर येतोय, याला बदल म्हणत नाहीत. त्यानं पुढच्याला बोलावलं.

येताना बसमध्ये तत्त्व म्हणून फुल तिकीट मागितलं. कंडक्टर नेहमीचाच. आप्पा, बरं न्हाय का, म्हणाला आणि फुकटचं तिकीट हातात ठेवलं. वाद वाढवला नाही.

द्वारकाही आज बारामतीला होती. आमची लेक स्वरूपा इंदापूरहून मुद्दाम आली आणि आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. तुमीबी चला म्हणत होत्या. मला सेंटर महत्त्वाचं. संध्याकाळी दोघी गप्प गप्प. गुडघ्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं!

१५ जानेवारी
संक्रांत झाली. लिहू नये, पण द्वारका आळशी होत चाललीय. गोठ्यातून येताना मधेच दगडावर बसते. आज म्हणाली, पिठलं करायला शिका. मी म्हटलं, मी? तर म्हणाली, व्हय, तुमीच, माजे हात दुखत्यात. गुठळ्या झाल्या. मला वाटलं हसेल. हसली नाही, पुन्हा करायला लावलं.

माणूस इकडं हिच्या भविष्यासाठी धावतोय, आणि ही त्याला बेसन कालवायला बसवते.

२० जानेवारी
जिंकलो. प्रतिक्षानं दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणली. ऐंशीपर्यंत घेतात, मेडिकलही नाही. हप्ता अंमळ जास्त, रक्कम अंमळ कमी. एकच अट. पहिल्या दोन वर्षांत आजारानं किंवा म्हातारपणानं गेलो, तर भरलेले हप्तेच परत मिळणार. त्यानंतर गेलो, तर द्वारकेला पूर्ण विमा.

संकल्प: दोन वर्षं मरायचं नाही. तंबाखू बंद. पहाटे फिरणं. मोटरसायकलला हात नाही.

सही ठोकली. नॉमिनी द्वारकाबाई. तर ही म्हणते, आन् मीच आदी गेले तर? मी म्हटलं, शुभ बोल की जरा! प्रतिक्षा माझ्याकडं बघायची सोडून तिच्याकडंच बघत राहिली.

२३ जानेवारी
कालव्यापर्यंत फिरून आलो. येताना कुत्रं मागं लागलं, पार घरापर्यंत. फिरणं बंद. दचकून हार्ट ॲटॅक आला तर दोन वर्षांचं गणित बोंबललं. तंबाखू निम्म्यावर आणलीय. एकदम सोडणं शरीराला घातक असतं.

२९ जानेवारी
द्वारकेचं काय चाललंय कळत नाही. कुठली गाय लाथ मारते, डेअरीचं कार्ड कुठं, गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठल्या डब्यात. सगळं माझ्याकडून घोकून घेते. चुकलो की पहिल्यापासून. शेवटी चिडलो. म्हटलं, मी गेल्यावर हे तुलाच बघायचंय, मला कशाला शिकवतेस? तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना.

हल्ली बसूनच झोपते. म्हणते, आडवं झालं की दम लागतोय. जेवण कमी कर, असा सल्ला दिला.

३ फेब्रुवारी
पॉलिसीचे कागद आले. देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. द्वारकेला म्हटलं, आता तू निर्धास्त! ती म्हणाली, तुमी जेवाय बसा, आज पिठलं झ्याक झालंय तुमचं. ऊर भरून आला. कुठला नवरा बायकोची इतकी काळजी करतो?

९ फेब्रुवारी
द्वारका गेली. परवा पहाटे. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच. मला वाटलं, झोपलीय. झोपू दे म्हटलं. धार काढली, चहा केला आणि मग उठवायला गेलो.

१७ फेब्रुवारी
काल दहावा झाला. आज स्वरूपानं सांगितलं. डॉक्टर गुडघ्याचा नव्हताच. हृदयाची झडप गेली होती, ऑपरेशन झेपणार नाही म्हणाला होता. आईनं हिला शपथ घातली. म्हणाली होती, त्यांस्नी सांगू नगंस, हातपाय गाळून बसत्याल. त्याच्या आदी चार कामं तरी शिकवू दे, न्हायतर माज्यामागं उपाशी मरत्याल.

मी पोरीवर ओरडलो. शपथ गेली खड्ड्यात, बापाला सांगायचं न्हाय? ती म्हणाली, आप्पा, तुमी तिच्यासंगंच राहत होता की. बायकोला दम लागतोय आणि मी तिला जेवण कमी कर म्हणतोय. असला मी शहाणा. खूप रडलो. स्वरूपा पाठीवरून हात फिरवत बसली.

२४ फेब्रुवारी
प्रतिक्षा आली होती. नॉमिनी बदलून घेऊ म्हणाली. स्वरूपाला फोन लावला, तर ती म्हणाली, मला काय करायचाय विमा, तुमी हिकडं राहायला या. बघू म्हटलं. गायींचं काय करायचं ते आधी ठरलं पाहिजे.

कागद आल्यापासून महिन्याच्या आत पॉलिसी परत करता येते. म्हटलं, परत कर बाई. प्रतिक्षानं मोबाइलवर अर्ज भरायला घेतला. मी तिच्यासाठी चहा टाकला. तिनं बाहेरून विचारलं, आप्पा, परत करायचं कारण काय लिहू, काहीबी चालतंय.

म्हटलं, लिही, मीच आधी जाणार असं धरून चाललो होतो.