फाटक उघडं आहे

३ जून
आलो एकदाचे! शाळेच्या नोकरीबरोबर मिळालेलं तळ्याकाठचं लाल लाकडी घर, मागे सौना, वाफेच्या स्नानाची खोली. सहा वर्षांची वेन्ला मोज्यांवर घसरगुंडी खेळत तिन्ही खोल्या फिरून आली. तिची आई, मार्केत्ता, जहाजावर नर्स. ऑगस्टपर्यंत घरी येणार नाही. लेक रोज डोळे भरून पाहता यावी म्हणून स्वयंपाकघरात कॅमेरा लावायचं मी तिला कबूल केलंय.

४ जून
दिवसभर राउटरशी झटापट. बाहेरून येणाऱ्याला तो परस्पर परत पाठवतो. ८५५४ नंबरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडायचा आणि येईल त्याला सरळ कॅमेऱ्याकडे धाडायचं, एवढंच काम. जमलं! पासवर्ड उद्या टाकीन.

शेजारचे उर्हो आजोबा मासे भरून भाजलेला पाव घेऊन आले. त्यांना कमी ऐकू येतं. पोर्ट उघडलाय म्हटलं, तर त्यांना कुंपणाचं फाटक वाटलं. आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच. इल्पोमास्तर, म्हणाले, या घराचं फाटक उघडं टाकू नये बाबा, इथे आधी राहणाऱ्या बाईंनी टाकलं होतं. टाकलंच तर दाराला झाडू टेकवून ठेव. झाडू म्हणजे घरात कुणी नाही. तो दिसला की आमच्याकडचं भूतसुद्धा माघारी जातं. मी हसलो. तर म्हणे, शिकलेल्या माणसाचं हसू जरा उशिराच थांबतं.

६ जून
मार्केत्ताचा फोन. वेन्लाच्या वेण्या सुरेख घातल्यास म्हणाली. मग विचारलं, ती करड्या शालीतली बाई कोण, शेजारीण का?

मी वेण्या घातल्याच नव्हत्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. वेन्ला म्हणते, फाटकातून मावशी आली, तिनं घातल्या.

राउटरवर कॅमेरा बघणाऱ्यांची यादी काढली. दोघं आहेत. एक मार्केत्ता. दुसऱ्यापुढे पत्त्याचा रकाना कोरा.

७ जून
सकाळी पोर्ट बंद केला. राउटरमधला तो नियमच पुसून टाकला. हायसं वाटलं.

दुपारी यादी पुन्हा पाहिली. दुसरं कुणी अजून आहे, पण बाहेरच्या रकान्यात नाही. घरातल्या वस्तूंमध्ये आहे. माझा फोन, लॅपटॉप, कॅमेरा, आणि खाली ती.

ती आत असताना मी फाटक लावलं. देवा, काय करून बसलो मी!

८ जून
वेन्ला वेणीला हात लावू देत नाही. कोपऱ्याकडे बघून कुजबुजते —

दार उघडत नाही. कडी काढलेली आहे, तरी — फोन बंद.

उर्हो आजोबा पायऱ्या चढून आले! काच बडवली, ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. दाराच्या खाली पाहिलं, टोपी सारखी केली आणि माघारी गेले.

काचेला गाल लावून पाहिलं. बाहेरून — दाराला झाडू टेकवलाय.

आता कुणी येणार नाही. कुणीच —

वेन्ला म्हणते, मावशीनं टेकवला. म्हणते, बाबा, हलू नकोस, आता तुझी पाळी. माझ्या केसांत मागून कुणीतरी कंग —